खांबाशेजारची जागा

यशोदाबाई: ...बाजाराला चल, बाजाराला चल. आल्याआल्या हेच! आधी पाय तर धू. आन हे पायात काय घातलंय, पोरांच्या शाळेतले बूट?

फुलाबाई: बूट नाय गं, सँडल हायेत. हर्षालीनं आनले. गुडघ्याला बरे असत्यात म्हनं.

यशोदाबाई: तुझी सून गुनाची हाय हां. काल तिचाच फोन आला किराणावाल्याकडं. "मावशी, उद्या पहिल्या गाडीनं आई येतायत, त्यांना जिना चढू देऊ नका." मी म्हनलं, बाई, माझ्या खोलीला उंबरा हाय, जिना कुठून आनू?

फुलाबाई: जीव लावती. तिच्याबद्दल वावगं बोलायला जागा नाय. बरं, पाय धुतले बघ. चल आता. बुधवार हाय, दहा वाजून गेले. बुधवारी तू घरात बसलेली मी अठरा वर्सांत बघितली नाय.

यशोदाबाई: तू येनार म्हनून थांबले.

फुलाबाई: आन मालाकडं कोन हाय?

यशोदाबाई: हाय एक जन. चा घे.

फुलाबाई: एक जन म्हंजी? शेजारी बसती ती मंगलाबाई?

यशोदाबाई: मंगलाबाईच्या भरवशावर मी चप्पल पन सोडनार नाय. साखर किती घालू? पुण्याला जाऊन शुगर-बिगर तर लावून घेतली नाय ना?

फुलाबाई: काय नाय. एवढा गुडघाच. घाल दोन चमचे. तिकडं समदे अर्धा चमचा घालून पित्यात, नुसतं गरम पानी लागतं.

यशोदाबाई: पोहे टाकते.

फुलाबाई: नको, गाडीत डबा खाल्ला.

यशोदाबाई: मग घटकाभर आडवी व्हय. पाच तास गाडीत बसून आलीस.

फुलाबाई: तीन वर्सं आडवीच हाय मी. आनखी किती आडवी व्हऊ?

यशोदाबाई: मग असं करू, काळारामाला जाऊन येऊ. श्रावन हाय.

फुलाबाई: यशोदे.

यशोदाबाई: काय?

फुलाबाई: तू आन काळारामाला? बाजाराच्या दिवशी? तू तर देवाला म्हनायचीस, तुलाच भाजी लागली तर ये बाबा, मला येळ नाय. काय झालंय? माझ्याकडं बघून सांग.

यशोदाबाई: काय व्हनार? चा गार होतोय तुझा.

फुलाबाई: होऊ दे. ती पिशवी उचलून बघ माझी.

यशोदाबाई: कशाला? ...आई गं! दगडं भरलीस का काय?

फुलाबाई: वजनं हायेत. किलो, अर्धा, पाव, समदी. आन तराजू. पुण्याला जाताना दीपक म्हनला, आई, हे कशाला घेतेस? मी म्हनलं असू दे. तीन वर्सं पलंगाखाली व्हती. झाडू मारनारी बाई दर दिवशी बाजूला सारायची आन परत ठेवायची. एक दिवस म्हनली, आजी, ह्यात काय देव हायेत का?

यशोदाबाई: हर्षाली तर म्हनली दोन दिवसांसाठी येतायत.

फुलाबाई: दोन दिवसांचं सांगून आले.

यशोदाबाई: आन खरं?

फुलाबाई: खरं तुला सांगायला तर आले ना.

यशोदाबाई: फुले, तू राहायला आलीस?

फुलाबाई: हां.

यशोदाबाई: दीपकला ठावं नाय?

फुलाबाई: नाय.

यशोदाबाई: भांडन झालं का? काय बोलला का तो तुला?

फुलाबाई: बोलला असता तर बरं झालं असतं. ऐक. सकाळी आठला समदे बाहेर पडत्यात. दीपक कंपनीत, हर्षाली बँकेत, नात शाळेत. दार ओढलं की कुलूप आपोआप लागतं. मग मी आन टीव्ही. खाली गेटपाशी एक जन भाजीची गाडी लावतो. त्याची मेथी बघितलीस तर तुला रडू येईल. अशी फेकलेली, मुळ्या वर, पाला खाली. चार दिवस मी बाल्कनीतून बघत व्हते. पाचव्या दिवशी गेले खाली आन लावून दिली.

यशोदाबाई: मला वाटलंच व्हतं.

फुलाबाई: मग रोजच जायला लागले. त्यानं मला बसायला खोकं दिलं. कोथिंबिरीची जुडी नुसती झटकून हातात दिली तरी गिऱ्हाईक परत फिरत नाय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. महिनाभर झकास चाललं. तर सोसायटीतलं कुनीतरी दीपकला म्हनलं, तुमच्या आई भाजीवाल्याजवळ बसतात, घरात काही अडचन हाय का?

यशोदाबाई: अगं बया. मग?

फुलाबाई: घरी आला, सोफ्यावर बसला आन टीव्हीकडं बघत राहिला. टीव्ही बंद व्हता, यशोदे. दुसऱ्या दिवशी मी खाली गेले नाय. मग कधीच गेले नाय. त्यानंबी इचारलं नाय, का जात नाहीस म्हनून.

यशोदाबाई: लाज वाटली असंल त्याला. शिकलेलं पोर.

फुलाबाई: वाटू दे ना. पन कशाची लाज, ते तरी त्यानं मला सांगावं. ह्याच भाजीवर शिकला तो. जाऊ दे. तेव्हा मी मनाशी म्हनलं, आपली जागा हाय की नाशकात. खांबाशेजारची. जाताना तुला म्हनलं व्हतं ना, माझं पोतं टाकत जा, दिवाळीला येते?

यशोदाबाई: टाकलं. दोन वर्सं टाकलं.

फुलाबाई: दोन? मला जाऊन तर तीन झाली.

यशोदाबाई: तेच सांगायचं व्हतं. तुझं डोकं जरा निवल्यावर सांगनार व्हते.

फुलाबाई: जागा गेली?

यशोदाबाई: गेली नाय. मी दिली.

फुलाबाई: तू दिलीस.

यशोदाबाई: अशी बघू नकोस माझ्याकडं. दोन वर्सं, फुले, रोज आधी तुझं पोतं टाकायचं आन मग माझं. मंगलाबाईनं दोन डाव तिची टोपली ठेवली, दोन्ही डाव मी उचलून रस्त्यावर नेली. लोक हसायचे. म्हनायचे, यशोदाबाई, पोत्याला चा पाजला का? मी म्हनायची, येतीय दिवाळीला. दिवाळी झाली. मग म्हनलं संक्रांतीला. मग म्हननंच सोडलं. फोन नाय, निरोप नाय. किराणावाल्याला इचारायची, पुण्याहून काय? त्यो नुसती मान हलवायचा. रिकाम्या पोत्याशी मी किती दिवस बोलू?

फुलाबाई: मला फोन लावता येत नाय गं. आन दर बारीला हर्षालीला म्हनायचं, लावून दे... ती बिचारी दमून यायची. एकदा लावून घेतला. किराणावाल्यानं तुला हाक मारली, तू आलीस, "कोन?" म्हनलीस. मी ठेवून दिला.

यशोदाबाई: त्यो फोन तुझा व्हता? मी दोन दिवस डोकं खाजवत व्हते, कोन मेलं म्हनून!

फुलाबाई: तुझा आवाज ऐकला आन वाटलं, आता रडू येनार. रडले असते तर तू दीपकला शिव्या द्यायला पुण्याला आली असतीस.

यशोदाबाई: आलेच असते. पयल्या गाडीनं.

फुलाबाई: कुनाला दिलीस जागा?

यशोदाबाई: कुसाबाई म्हनून हाय. सुरगान्याकडची, पार डोंगरातली. गेल्या वर्सी आषाढात आली पाटी घेऊन. करटोली, बांबूचे कोंब, असल्या रानभाज्या. जिथं बसंल तिथनं तिला उठवायचे. इथं नको, पुढं व्हय, तिथं नको, मागं व्हय. शेवटाला गटारीच्या कडेला बसली, जिथं गिऱ्हाईक नाक धरून जातं. दिवसभर तिनं कुनाला हाक मारली नाय. संध्याकाळी पाटी तशीच भरलेली डोक्यावर घेतली, आन जाताना माझ्याकडं बघून हसली. रागानं बघितली असती ना, तर मी बसू दिलं नसतं.

फुलाबाई: आन हसली म्हनून माझी जागा.

यशोदाबाई: पुढच्या बाजारी तुझं पोतं टाकलं आन तिला हाक मारली. सांगितलं पन तिला, बाई, ही जागा फुलाबाईची हाय, ती आली की उठायचं. आता तू आलीस. चल, उठवू तिला. तूच उठव. मला नाय जमनार.

फुलाबाई: उठवीनच. का नाय उठवनार? अठरा वर्सं बसले तिथं. दीपक शाळेत व्हता तेव्हापासनं.

यशोदाबाई: माल कुठून आननार? पहाटे यार्डात लिलावाला जाशील ह्या गुडघ्यावर? चाळीस जुड्यांचं गाठोडं कोन उचलंल?

फुलाबाई: ते मी बघीन. चल.

यशोदाबाई: सावकाश. उंबरा हाय.

(गोदाघाटावरचा भाजीबाजार. विजेच्या खांबाशेजारी एक बाई पाटी पुढ्यात घेऊन गप्प बसली आहे. तिच्या बाजूला यशोदाबाईंच्या कांद्या-बटाट्यांचे ढीग.)

कुसाबाई: यशोदाबाय, आलीस? तुजं कांदं गेलं थोडं. बटाटं नाय गेलं.

यशोदाबाई: बरं झालं. कुसा, ही फुलाबाई.

कुसाबाई: जागेवाली?

यशोदाबाई: हां.

कुसाबाई: मंग मी उठतां. जरा थांब बाय, पाटी उचलतां.

फुलाबाई: एवढी घाई नको.

कुसाबाई: नाय, पयल्याच दिवशी बोली झालेली. जागेवाली येल तवा उठायचां. मी रोज बाजारी बघतां, कोन म्हातारी बाय खांबाकडं बघत आली का. आज आलीस.

फुलाबाई: मी म्हातारी व्हय?

कुसाबाई: यशोदाबाय सांगायची, उंच हाय, जोरात बोलते. तू तर हळूच बोलतेस.

यशोदाबाई: पुण्यानं आवाज खाल्ला तिचा.

फुलाबाई: तू गप गं. ह्ये काय हाय पाटीत? करटोली? अशी ढीग लावून ठेवत्यात का? सुकलेली वर आन ताजी खाली दबलेली! हलवू नकोस, मी बघते. यशोदे, ते खोकं दे बसायला. खाली बसले तर उठायला क्रेन आनावी लागंल.

यशोदाबाई: घे. खांबाला टेक.

फुलाबाई: हां... आता बघ, कुसाबाई. चांगली हिरवी अशी पुढं लावायची, काटा गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढं आला पायजे. पिवळी पडलेली बाजूला काढ, ती घरी खा. आन ही कोनती भाजी? ही मी कधी इकली नाय.

कुसाबाई: कवळा. ह्ये बांबूचं कोंब. ह्यो कुर्डू, तो तुला माहीत हाय.

फुलाबाई: काय भावानं देतेस?

कुसाबाई: ते सांगतील त्या.

फुलाबाई: ते म्हंजी कोन?

कुसाबाई: घेनारं.

फुलाबाई: घेनारे भाव सांगत्यात? यशोदे, आन तू हे वर्सभर बघत बसलीस?

यशोदाबाई: मी माझे कांदे इकू का तिला शिकवू? दहा डाव सांगितलं, हाक मार, हाक मार. तोंडातून आवाज निघंल तर शपथ.

कुसाबाई: मला लाज वाटते बाय. आमचे कडं डोंगरात हाक मारतां ते ढोरांना नायतर लांबच्या मानसाला. हे समोर उभं हाय, त्याला काय हाक मारायची?

फुलाबाई: बघ आता. ए ताई! करटोली घ्या करटोली, सुरगान्याच्या डोंगरातली, पहाटे तोडलेली! वर्सातनं एवढेच दिवस मिळती, मग पुढच्या श्रावनापर्यंत वाट बघा! ओ निळ्या छत्रीच्या ताई, नुसती बघून जा, घ्यायला कोन सांगतंय?

आशाताई: अगं बाई! हा आवाज... फुलाबाई, तूच का गं ही?

फुलाबाई: आशाताई! वळखलंत?

आशाताई: आवाजावरून वळले. मी पुढे निघूनच गेले होते. कुठे होतीस इतकी वर्षं? आम्हाला वाटलं, आता तू काही यायची नाहीस.

फुलाबाई: लेकाकडं व्हते, पुण्याला. सासूबाई कशा हायेत?

आशाताई: गेल्या गं. मागच्या मार्गशीर्षात. अंथरुणावर होत्या तरी म्हणायच्या, फुलाबाईचं अळू आणा, तिचं घशाला खाजत नाही. मी दुसरीकडून नेऊन तुझं म्हणून सांगायचे. एक घास खाल्ला की म्हणायच्या, खोटं बोलतेस.

फुलाबाई: मला ठावं नव्हतं, ताई. कुनी सांगितलं नाय.

आशाताई: कोण सांगणार? तुझा पत्ता कुणाकडे होता? बरं, आज अळू नाही का?

फुलाबाई: आज मी... आज नुसती आलेय. पन ही भाजी न्या. कवळा म्हनत्यात. ही कुसाबाई डोंगरातनं आनती. कशी करायची, ते तीच सांगंल. सांग गं ताईला.

कुसाबाई: कशी म्हंजी... करायची.

फुलाबाई: अगं, तुझ्या घरी चुलीवर टाकतेस ना, तशी सांग.

कुसाबाई: आधी... आधी कोवळा पाला खुडायचा. देठ नाय घ्यायचां. धुवायचां, बारीक चिरायचां. कांदा जास्ती टाक बाय, भाजीएवढाच कांदा. लसूण, मिरची. पानी नाय टाकायचां, तिचांच पानी सुटतां. आमचे कडं त्यात तुरीची डाळ भिजवून टाकतां. नागलीची, तुमची नाचनीची, भाकर असली त मंग काय बोलायचांच नाय.

आशाताई: आणि हे कोंब? कडू लागत नाहीत?

कुसाबाई: लागतां. तवा कापून रातभर पान्यात ठेव. सकाळी ते पानी फेक, दुसरां घाल. तिसरे पान्याला गोड होतां.

आशाताई: इतकं छान कोणी सांगितलंच नाही मला कधी. वर्षभर मी ह्या बाईसमोरून जाते आहे. दे, दोन्ही दे. आणि फुलाबाई, पुढच्या बुधवारी अळू आणशील ना?

फुलाबाई: बघू, ताई. बघते.

यशोदाबाई: "बघते" म्हनली. ऐकलंस ना, कुसा? पुण्याची लोकं अशीच बोलत्यात.

कुसाबाई: यशोदाबाय, आजून एक बाय येते. तिला कोंब मी सांगू का?

यशोदाबाई: सांग ना! मला काय इचारतेस?

फुलाबाई: सांग, सांग. मी वजन करते. यशोदे, तुझ्या तराजूचं हे पारडं खालीच झुकतंय. कधी धुतलं व्हतंस?

यशोदाबाई: आली नाय तोवर खोड्या काढायला लागली!

फुलाबाई: ...ए ताई, कुर्डू घ्या! ए दादा, पिशवी रिकामी घेऊन घरी गेलात तर वहिनी दारात उभं करतील!

यशोदाबाई: बघ, त्यो हसला. आला बघ परत.

कुसाबाई: बाय, दोन वाजलं नाय आजून, आन पाटी खाली झाली.

फुलाबाई: रोज किती वाजत्यात?

कुसाबाई: रोज होतच नाय. उरलेली परत नेतां. जीपवाला बोलतो, तू भाजी फिरायला आनतेस का? आज त्याला उलटी पाटी दाखवीन.

फुलाबाई: बाजार किती दिवस करतेस?

कुसाबाई: दोन. बुधवार आन शनवार. बाकी दिस रान हिंडायचां, भाजी तोडायची.

फुलाबाई: आन पाऊस सरल्यावर? तिकडली मानसं द्राक्षाच्या कामाला जात्यात ना?

कुसाबाई: जातां. आमी पन जायचां. दिवाळी झाली का बिऱ्हाड घेऊन खाली उतरायचां, ते थेट होळीला परत. पोरगी बारकी व्हती तवा काय नाय वाटलां. मंग शाळेत घातली, मोहिनी तिचां नाव. दोन डाव तिचां नाव शाळेतून काढलां, मास्तर बोलला, पोरगी अर्धं वरीस नसते त मी काय शिकवू. गेल्या दिवाळीला मी नवऱ्याला बोललां, तू जा, मी नाय येत. मला बाजारात बसायला जागा हाय. आवळं आनलं, नागली आनली, वाल आनलं. भागलां. मोहिनी पुरा वरीस शाळेत बसली. सातवीला हाय आता.

फुलाबाई: ह्या जागेवर.

कुसाबाई: ह्या जागेवर. पन तू काय मनात आनू नको. मी तिकडं गटारीकडं बसन. आता मला बोलायला येतां थोडां.

फुलाबाई: यशोदे, हे मला घरी का नाय सांगितलंस? पोरीचं?

यशोदाबाई: सांगितलं असतं तर तू लगेच म्हनली असतीस, राहू दे, बसू दे तिला. आन बसली असतीस माझ्या खोलीत भिंतीकडं बघत. मला ते नको व्हतं. मला तू बाजारात पायजे व्हतीस.

फुलाबाई: आन तिला उठवून?

यशोदाबाई: तेबी नको व्हतं. म्हनून तर काळारामाला चल म्हनत व्हते. मला दुसरं काय सुचलंच नाय.

फुलाबाई: कुसाबाई, तू गटारीकडं जायचं नाय.

कुसाबाई: मंग तू कुठं बसशील?

फुलाबाई: मी काय, मी आपली... मी चार दिवस राहीन, मग जाईन परत. लेकाला काळजी वाटते.

यशोदाबाई: लागली बघ आडवी व्हायला.

कुसाबाई: मी एक बोलू का बाय? राग नको धरू.

फुलाबाई: बोल.

कुसाबाई: मला हाक मारता येत नाय. तुला पाटी उचलता येत नाय. मी आनीन, तू विक.

यशोदाबाई: अगं बया!

कुसाबाई: बुधवार-शनवार मी असन. दुसरे दिशी जागा रिकामीच ऱ्हाते, तवा तू तुजां अळू-मेथी विक. आमचे नदीच्या कडेला अळू लय हाय, मी आनून देन. खाजत नाय.

फुलाबाई: कशावरून नाय खाजत?

कुसाबाई: तू खाऊन बघ. खाजलां त नको घेऊ.

फुलाबाई: दोन बाया एका पोत्यावर मावत्यात का पन? एका अंगाला खांब हाय, दुसऱ्या अंगाला हिचे कांदे.

यशोदाबाई: माझ्या कांद्यांकडं बघू नका. अठरा वर्सं हिनं मला ढकलत ढकलत इथवर आनलंय. आनखी एक हात सरकले तर मी मंगलाबाईच्या मांडीवर.

कुसाबाई: मी सरकवतां, तू बस.

यशोदाबाई: थांब, बटाटे आधी उचल! कांदे गडगडतील... हं. आता झालं? बसा दोघी. मला मेलीला इचारायला कोन हाय!

फुलाबाई: मावलो की गं.

यशोदाबाई: मावनारच. पुण्यानं निम्मी केलीय तुला.

कुसाबाई: बाय, माजी जीप निघल. शनवारी येतां. अळू आनतां.

फुलाबाई: कोवळं आन. काळ्या देठाचं. आन मोहिनीला एखाद्या शनवारी घेऊन ये, तिची शाळा नसंल तेव्हा.

कुसाबाई: आनतां. ती तुज्यासारखी हाय, लय बोलते.

यशोदाबाई: चल, आता ते एसटीडीचं दुकान मोकळं हाय. दीपकला फोन लाव.

फुलाबाई: आत्ता? उद्या लावू.

यशोदाबाई: उद्याचं तू मला तीन वर्सं सांगितलंस. नंबर हाय ना? चिठ्ठी दे इकडं. भाऊ, हा पुण्याचा नंबर लावा.

फुलाबाई: यशोदे, मी काय म्हनू त्याला?

यशोदाबाई: मला म्हनलीस तेच. घे, लागला. आन ह्या डावाला ठेवून दिलास तर बघ.

फुलाबाई: ...हॅलो? दीपक? हां, मी बोलतेय. पोचले, कधीच पोचले. नाय, नाय, तब्येत चांगली हाय. तू कामात हायेस का? ...बरं. नाय, असाच केला. असाच नाय केला. दीपक, मी परवा यायची नाय. ...राहनार हाय इथं. यशोदाकडं. ...ऐक ना बाबा. तुझं काय चुकलं नाय, हर्षालीचं तर अजिबात नाय. तिला सांग, सँडल लय बरे हायेत, मी रोज घालीन. ...बाजारात. हां, बाजारातच.

यशोदाबाई: काय म्हनतो?

फुलाबाई: थांब गं. ...काय? हां, गुडघा दुखतो. तिथंबी दुखतच व्हता. तिथं मी दिवसभर त्याच्याकडंच बघत बसायची. ...नाय, उचलायचं काय नाय. एक बाई हाय, ती आननार हाय, मी नुसती इकनार. ...दीपक, एक इचारू? त्या गाडीवाल्यापाशी मी बसायची तेव्हा तुला लाज वाटली का? ...दीपक? ...हां, ऐकतेय.

यशोदाबाई: काय झालं? रडतोय का त्यो?

फुलाबाई: ...असं का वाटलं तुला? अरे, लेकानं आईला कामाला लावलं असं कोन म्हनंल? ...नाय रे बाळा. तुझ्या घरात मला काय कमी व्हतं? लोकांना वाटू दे. मला ते आवडतं, एवढंच. तुला तुझं काम आवडतं ना? मग तसंच. ...हां. ...हां, दिवाळीला येईन ना. आठ दिवस येईन. पोरीला सांग, आजी येताना आवळे आननार हाय. ...काय म्हनलास? ...तीन वाजता. तीन, कधी साडेतीन. गिऱ्हाईक कमी झालं की. ...भाकरी आन जे उरलं असंल ते. ...हां, इथंच, खांबाला टेकून. ...बरं. बरं, ठेवते. ठेव तू आधी.

यशोदाबाई: काय गं? रागावला का?

फुलाबाई: नाय.

यशोदाबाई: मग शेवटाला तीन, साडेतीन काय सांगत व्हतीस? गाडीची येळ इचारत व्हता का?

फुलाबाई: नाय गं. म्हनला, "आई, बाजाराच्या दिवशी तू जेवायचीस कधी?"

यशोदाबाई: हे इचारलं त्यानं?

फुलाबाई: मी सकाळी त्याच्यासाठी जेवन झाकून ठेवायची आन निघायची. मी कधी जेवते ते त्याला ठाऊकच नव्हतं, यशोदे.